चोवीस पोती बटाटे

वेर्बा, सस्कॅचेवान
१४ जानेवारी १९८५

प्रिय लारिसा,

तुला न विचारता मी एक काम करून बसले आहे, तेव्हा आधी चहा करून घे आणि मग पुढे वाच.

गेल्या महिन्यात 'महिला तंत्रशिक्षण मंडळ' अशा भारदस्त नावाच्या मंडळाचं लायब्ररीला पत्र आलं. गावोगावच्या बायकांनी कॉम्प्युटर शिकावा आणि जमल्यास त्याच कामात नोकरी धरावी, अशी त्यांची इच्छा आहे. ते आपल्याला एक यंत्र देणार. आपण मेपर्यंत वर्ग चालवायचा. चार मेच्या परीक्षेत आठ बायका पास झाल्या तर यंत्र कायमचं लायब्ररीचं. नाही झाल्या तर गावसमिती ठरवेल त्याचं. गावसमिती म्हणजे वॉल्टर पानास, तोच, धान्य कोठाराचा मॅनेजर. त्याने आत्तापासून आपल्या टेबलावरची फुलदाणी हलवून जागा केली आहे.

मी उलट टपाली 'हो' कळवलं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण आपल्या घरात एक मुलगी टोरांटोच्या विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, मग भ्यायचं कशाला, असा मी विचार केला. शिकवायला शहरातून एक गृहस्थ येणार होते. ते एकदा आले, उणे अडतीसच्या थंडीत त्यांची गाडी बंद पडली, आणि आता त्यांना सायनसचा त्रास आहे असं पत्र आलंय. सोबत त्यांनी एक पुस्तक पाठवलंय. वजन आपल्या घरच्या बदकाएवढं.

थोडक्यात, शिकवते मीच. अकरा जणी येतात. बहुतेक चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सारण भरून पिरोही उकडणाऱ्या मंडळातल्याच आहेत, कारण लायब्ररीची शेगडी गावात सगळ्यात चांगली. ओदार्का लोझिंस्का पुढच्या खुर्चीत बसते आणि तिसऱ्या वाक्याला झोपते. मारुसियाची लेस्या मात्र एकोणीस वर्षांची पोर, डोळे फाडून बघत असते. तिने आपल्याच केस कापायच्या दुकानात काम करावं असं तिच्या आईला वाटतं, म्हणून ती चोरून येते.

आणि हो, दारावर पोस्टर लावलंय. 'वेर्बाची लेक टोरांटोत कॉम्प्युटर चालवते. तुम्ही का नाही?' खाली तुझा शाळेतला शेवटच्या वर्षाचा फोटो, तो मोठ्या केसांचा. दुसरा नव्हता.

आता एवढंच सांग, प्रोग्रॅम म्हणजे काय? दोन वाक्यांत सांग. ओदार्काचं कारण वर दिलंच आहे.

तुझी,
स्टेफा मावशी

*

टोरांटो
२६ जानेवारी १९८५

प्रिय मावशी,

चहा केला होता. पुरला नाही.

प्रोग्रॅम म्हणजे, ज्याने जन्मात कधी स्वयंपाकघर पाहिलं नाही अशा माणसाला पिरोही करायला लावण्यासाठी लिहिलेल्या सूचना. तो माणूस सांगितलेलं सगळं करतो आणि न सांगितलेलं काहीही करत नाही. झाली दोन वाक्यं.

हे करून बघ. प्रत्येकीला पिरोहीची कृती लिहायला लाव, आणि तू कॉम्प्युटर हो. कागदावर जे असेल तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल वापरायची नाही. तुला हे जड जाईल, पण प्रयत्न कर.

माझं इथे बरं चाललंय. काम पुष्कळ आहे, दिवसभर उभं राहून पाय दुखतात आणि हात गारठतात. वेळ मिळत नाही म्हणून नोव्हेंबरपासून पत्र नव्हतं, दुसरं काही नाही. ऑफिसच्या नंबरवर फोन करू नकोस. तिथे माणसं शोधायला वेळ लागतो. घरच्या पत्त्यावर लिहीत जा.

तो फोटो काढून टाक. केसांमुळे नाही. उगाच कुणाला माझ्याकडे बघून काही वाटायला नको.

तुझी,
लारिसा

*

वेर्बा
१२ फेब्रुवारी १९८५

प्रिय लारिसा,

तुझा खेळ आज केला. लायब्ररीच्या मागच्या खोलीत मैदा, बटाटे, लाटणं, सगळं मांडलं आणि मी कॉम्प्युटर झाले.

पहिला कागद ओदार्काचा. 'उंडा घ्या.' मी अख्खा उंडा उचलला, चार किलोचा. 'लाटा.' मी लाटायला लागले. ती बघतेय, मी लाटतेय. पारी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली तशी ती म्हणाली, "अगं थांब की आता."

"कागदावर थांब लिहिलेलं नाही."

"त्यात काय लिहायचं? कुणालाही कळतं."

"मला कळत नाही. मी कॉम्प्युटर आहे."

ओदार्काने लोंबणारी पारी उचलून टेबलावर घेतली. मग म्हणाली, "म्हणजे हा आमच्या नवरोबासारखाच, दिमित्रोसारखा. सांगितलं तर बादली उचलतो, कुठे ठेव ते सांगितलं नाही तर धरून उभा राहतो. चाळीस वर्षं मी हेच करतेय आणि मला कुणी पगार दिला नाही."

त्यानंतर ती झोपली नाही. तीनदा कागद फाडून नवा लिहिला. लेस्याच्या कागदावर मी पहिल्या फटक्यात पाच पिरोही केल्या, पण पाण्यात सोडायचं ती विसरली होती म्हणून कच्च्याच ताटात वाढल्या. एरवी एका वाक्यात भांडण काढणाऱ्या अकरा बायका दोन तास 'सारण भरा'च्या आधी 'चमचा घ्या' यायला हवं की नको यावर वाद घालत होत्या. मी तीस वर्षं लायब्ररी चालवते, एवढी मजा मला कधी आली नव्हती.

आता सगळ्यांनी ठरवलंय की खरा प्रोग्रॅम करायचा. सत्तावीस एप्रिलला चर्चचं वसंत-जेवण आहे, तीनशे माणसं. दर वर्षी सामान अंदाजाने आणतो. या वर्षी यंत्राला विचारायचं. माणसांचा आकडा घातला की मैदा किती, बटाटे किती, कांदे किती, सगळं छापून यायला हवं.

तेव्हा सांग, एकच गोष्ट यंत्राकडून पुन्हा पुन्हा कशी करून घ्यायची? फोनवर तू सापडत नाहीस, म्हणून पत्रच बरं.

फोटो काढलेला नाही. लेस्या रोज त्याच्यासमोर उभी राहून कोट काढते.

स्टेफा मावशी

*

टोरांटो
२४ फेब्रुवारी १९८५

प्रिय मावशी,

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि एवढी हसले की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

पुन्हा पुन्हा करवून घ्यायचं कसं, ते सोबतच्या तीन पानांवर लिहिलंय. एक पान पुरलं असतं, पण लिहायला लागल्यावर थांबवेना. शेवटच्या पानावर तुमच्या जेवणाच्या प्रोग्रॅमचा आराखडा आहे. आकडे मी घातलेले नाहीत. ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी घालावेत. लेस्याला म्हणावं, तू पाण्यात सोडायचं विसरलीस ते फार चांगलं झालं. मी विद्यापीठात पहिल्या वर्षी असंच काहीतरी विसरले होते आणि तीन दिवस यंत्राला दोष देत बसले होते. आमच्या वर्गात आम्ही चौघी होतो, साठ मुलांत.

एक सांगू? बायकांना सगळंच गोड सांगू नकोस. माझी एक मैत्रीण आहे, मॉरीन. फार हुशार प्रोग्रॅमर. एका मीटिंगमध्ये तिच्याच प्रोग्रॅमवर चर्चा होती आणि साहेबांनी तिला कॉफी आणायला पाठवलं. ती कॉफी घेऊन परत येईपर्यंत साहेबांनी केलेली चूक तिच्या नावावर लिहून झाली होती. तिने कॉफी वाटली. नोकरी सोडून गेली. असंही होतं. लेस्याला हे सांगू नकोस, पण तू लक्षात ठेव.

लारिसा

*

वेर्बा
३ एप्रिल १९८५

प्रिय लारिसा,

लायब्ररीच्या दारात चोवीस पोती बटाटे आहेत. आत जायचं तर आडवं होऊन जावं लागतं. फादर इहोर पोटाने जरा रुंद आहेत, ते परवापासून खिडकीतूनच पुस्तकं मागतात.

झालं असं. प्रोग्रॅम पूर्ण झाला. लेस्याने तीनशेचा आकडा घातला, यंत्राने पटापट कागद छापला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मैदा बरोबर, कांदे बरोबर, आणि बटाटे आठशे चाळीस किलो. कागद लांबलचक होता, सगळ्या जणी आपलं नाव खाली छापून आलंय का ते बघत होत्या. आकडा कुणी वाचला नाही. मीसुद्धा नाही. ते कबूल करते.

सामान कोठारामार्फत मागवतो, म्हणजे कागद वॉल्टरच्या हातात गेला. तो माणूस चाळीस वर्षं धान्य तोलतो. एका जेवणाला चोवीस पोती लागत नाहीत हे त्याला झोपेत कळलं असतं. त्याने सही केली आणि ट्रक पाठवला. मी जाब विचारायला गेले तर टोपी मागे सारून म्हणतो, "स्टेफानियाबाई, कॉम्प्युटरने सांगितलं. मी कोण अडाणी माणूस बोलणार?"

आता गावात दुसरा विषय नाही. पोस्ट ऑफिसात मला विचारतात, पिरोही आहे की रणगाडा. पाच जणींनी वर्ग सोडला. ओदार्काने वर्ग सोडला नाही, पण रस्त्यावर माझ्याशी बोलत नाही, कारण बटाट्याचे आकडे तिने दिले होते. सहाच उरल्या आहेत. वॉल्टरने पंधरा तारखेला समितीची सभा बोलावली आहे. विषय, 'लायब्ररीतील यंत्र योग्य जागी हलवणे'.

लारिसा, तू ये. एकच दिवस. टोरांटोच्या मोठ्या कंपनीतली प्रोग्रॅमर समितीपुढे उभी राहिली तर वॉल्टरचं तोंड बंद होईल. प्रोग्रॅमचा छापील कागद सोबत पाठवते. चूक कुठे आहे ते बघ.

स्टेफा मावशी

*

टोरांटो
९ एप्रिल १९८५

प्रिय मावशी,

मी येऊ शकत नाही, कारण तू जिला बोलावतेस ती मी नाही.

मी कंपनीत नाही. ऑक्टोबरपासून नाही. फुलांच्या दुकानात काम करते. दिवसभर उभी असते, फुलं बर्फासारख्या थंड खोलीत ठेवतात म्हणून हात गारठतात. मॉरीन नावाची मैत्रीण मला नाही. ती मीच.

आमच्या कंपनीत ग्राहकांना वाढदिवसाचं पत्र पाठवायचा एक प्रोग्रॅम होता. मी लिहिलेला. माणूस हयात आहे का हे त्यातली एक ओळ तपासायची. लॉकहार्टसाहेबांना वाटलं की त्या ओळीमुळे काम हळू होतं. मला न सांगता त्यांनी ती काढली. चारशे मयत माणसांना दीर्घायुष्याच्या शुभेच्छा गेल्या. बायका, मुलं ती पत्रं घेऊन रडत दारात आली. मग मीटिंग झाली. चर्चा सुरू होणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "लारिसा, सगळ्यांसाठी कॉफी आणतेस का?" मी आणली. मी कॉफी आणायला गेले तेवढ्यात चूक माझी झाली. परत आले तर माझं नाव लिहिलेला कागद टेबलावर होता आणि नऊ पुरुष साखर मागत होते.

मी साखर दिली. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. ती ओळ कुणी काढली याचे तारखेसहित छापील कागद माझ्याकडे आहेत, पेटीत तळाशी. मी भांडले नाही, मावशी. नोकरी गेल्याचं मला एवढं नाही वाटत. साखर दिली याचं वाटतं.

तुझा प्रोग्रॅम वाचला. चूक मला दोन मिनिटांत सापडली. सांगणार नाही. यंत्राची नाही एवढं सांगते. तुमच्यातल्या कुणालातरी ती सापडेल, आणि ती बाई बटाटे उकडणारीच असेल.

आता तरी तो फोटो काढ.

लारिसा

*

वेर्बा
१७ एप्रिल १९८५

प्रिय लारिसा,

तुझं पत्र काल, सभेच्या दुसऱ्या दिवशी आलं. पोस्टाला घाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. तू फोन करू नकोस म्हणालीस म्हणून मी लगेच फोन केला. तुझ्या ऑफिसातली एक गोड आवाजाची पोरगी म्हणाली, "लारिसा? ती ऑक्टोबरमध्येच गेली." मी दोन दिवस तुझ्यावर रागावले. मग म्हटलं, ही आपणहून सांगेल तेव्हा सांगेल, तोवर हिचं डोकं गंजता कामा नये. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कशी करायची हे त्या जाड पुस्तकात एकसष्टाव्या पानावर दिलंय. मी ग्रंथपाल आहे, बाई. मला पुस्तक वाचता येतं. तू तीन पानं लिहिलीस तेव्हा मी निर्धास्त झाले. फुलं विकणारी बाई अशी तीन पानं लिहीत नाही.

आता सभेचं ऐक.

रविवारी ओदार्का माझ्या दारात आली. हातात वाडगा. म्हणाली, "हा माझा बटाट्याचा वाडगा. यात साडेतीनशे ग्रॅम मावतात. मी तुम्हाला साडेतीनशे सांगितले. पण हा वाडगा डझनाला लागतो. यंत्राने एकेका पिरोहीला अख्खा वाडगा लावलाय." आम्ही तशाच लायब्ररीत गेलो. लेस्याला बोलावलं, तिने ती ओळ काढून दाखवली. बारापट. दोन पोत्यांच्या जागी चोवीस.

सोमवारी समितीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. गावात सिनेमा बंद झाल्यापासून एवढी गर्दी कशालाच नव्हती. वॉल्टर पंधरा मिनिटं बोलला. बायकांना पिरोही करू द्या, यंत्र यंत्राच्या जागी असू द्या, वगैरे. मी उत्तर लिहून नेलं होतं. मी चष्मा शोधेपर्यंत ओदार्का उठली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "डझनाचा आकडा मी दिला आणि डझनाचा आहे हे सांगितलं नाही. चूक मीच शोधली. लेस्याने सुधारली. हा नवा कागद, दोन पोती. आता वॉल्टर, तू सांग. कागद तुझ्याकडे आला तेव्हा तू वाचलास?"

वॉल्टर म्हणाला, वाचला.

"चोवीस पोती जास्त आहेत हे कळलं?"

वॉल्टर म्हणाला, तो प्रश्न नाही.

"मला तर तोच दिसतो. मला कळलं नाही, ती माझी चूक. तुला कळलं आणि तू ट्रक पाठवलास. त्याला काय म्हणायचं ते समितीने कागदावर लिहून घ्यावं. स्पेलिंग मी सांगते."

लारिसा, ती बाई आठवीत शाळा सोडलेली. आवाजसुद्धा चढवला नाही. मागे दिमित्रो भिंतीला टेकून उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं तरी त्याने टाळ्या वाजवल्या.

परीक्षेपर्यंत यंत्र लायब्ररीतच, चार विरुद्ध दोन मतांनी. वॉल्टरने मत दिलं नाही. सभा सुटल्यावर तो माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात विचारलं, रेल्वेच्या डब्यांची वजनं लावायला त्याला तीन दिवस जातात, यंत्राला किती लागतील? मी काही बोलायच्या आत ओदार्का म्हणाली, "वर्ग मंगळवारी दोन वाजता. बायकांचा आहे. पण मागे स्टूल आहे."

काल तो आला. स्टुलावर बसला होता. बुटांना चिखल होता म्हणून मी ते बाहेर काढायला लावले. एका मोज्याला भोक आहे.

सोडून गेलेल्यांपैकी कुणी परतलं नाही. सहा जणी होत्या, सातवी लेस्याची आई, मारुसिया. चूक पोरीने सुधारली हे सभेत सगळ्यांसमोर ऐकून ती आली, म्हणाली, हे नक्की काय आहे ते मला कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. आठवी मी. पण एक अडचण आहे. मंडळाचा नियम आहे की परीक्षेला कॉम्प्युटरची पदवी असलेलं कुणीतरी हजर हवं आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेवर त्याची सही हवी. नोकरी कुठे करता असं त्या फॉर्मवर विचारलेलं नाही. मी दोनदा वाचला.

पदवी तुझी आहे. ती काही त्या लॉकहार्टने कॉफीबरोबर प्यायली नाही.

स्टेफा मावशी

ता. क. उरलेल्या बावीस पोत्यांपैकी सात संपली. गावात कुणी कुणाकडे गेलं की बटाटे घेऊन जातं. फादर इहोरनी प्रवचनात संयमावर बोलताना दोनदा आमच्याकडे बघितलं.

*

टोरांटो
२४ एप्रिल १९८५

प्रिय मावशी,

तू माझ्याशी दोन महिने खोटं बोललीस आणि मी तुझ्याशी सहा महिने. तुझं जास्त चांगलं वठलं.

काल पेटी उपसली. ते छापील कागद काढले, त्यांच्या प्रती केल्या आणि कंपनीच्या संचालकांना पाठवल्या. सोबत एक पानाचं पत्र. ओळ कोणत्या दिवशी निघाली, कुणाच्या नावाने निघाली, मी त्या दिवशी कुठे होते. नोकरी परत मागितली नाही, माफीही नाही. नोंद दुरुस्त करा, एवढंच लिहिलं. टपालपेटीत टाकायच्या आधी पाकिटावरचा पत्ता इतक्यांदा तपासला की मागच्या म्हाताऱ्याने विचारलं, प्रेमपत्र आहे का. मी म्हटलं, साधारण.

दुकानातून चार दिवसांची रजा घेतली आहे. आगगाडीने येते. शुक्रवारी तीन तारखेला दुपारी पोचेन.

लारिसा

*

वेर्बा
२१ मे १९८५

प्रिय लारिसा,

निकाल आला. आठही पास. लेस्या अठ्ठ्याण्णव. मी एक्क्याऐंशी. मारुसिया सत्तर, आणि ती म्हणते गिऱ्हाइकांचे केस कापण्यापेक्षा हे सोपं आहे, निदान मान हलवत नाही. ओदार्का बावन्न. तिसरा प्रश्नच चुकीचा विचारलाय असं तिने अर्धं पान लिहिलं होतं, म्हणून तिचे मार्क कापले. आज मंडळाचं वेगळं पत्र आलं की प्रश्न खरंच चुकीचा होता, तो पुढच्या वर्षीपासून बदलतील, मार्क मात्र बदलणार नाहीत. ओदार्काने ते पत्र फ्रेम करून घेतलं.

मारुसियाने 'हो' म्हटलं आहे. लेस्या सप्टेंबरपासून शहरातल्या तंत्र महाविद्यालयात जाणार. तू परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या दोघींना घेऊन नदीकाठी गेलीस आणि तास दीड तास बोलत होतीस. काय बोललात ते कुणी मला सांगत नाही. लेस्याला विचारलं तर म्हणाली, "सगळं सांगितलं. कॉफीचंसुद्धा." मी विचारलं, आणि तरी जाणार? म्हणाली, "म्हणून तर आधीच माहीत हवं होतं."

तुला परत जाताना गाडीत बसवलं तेव्हा तू त्या फुलांच्या दुकानाबद्दल एक शब्द काढला नाहीस. मीही विचारलं नाही. आता विचारते. पुढे काय?

स्टेफा मावशी

*

रेजायना
१२ सप्टेंबर १९८५

प्रिय मावशी,

पत्ता बदललेला दिसेल. तीन आठवडे झाले. सगळं नक्की झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

जूनमध्ये कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. नोंद दुरुस्त केली आहे, कळावे. लॉकहार्टसाहेब आहेत तिथेच आहेत. मी ते पत्र चारदा वाचलं, मग दुकानात जाऊन गुलाबांचे काटे काढत बसले. दुपारपर्यंत काढले. मग मालकीणबाईंना सांगितलं की मी जाते. त्या म्हणाल्या, "बरं झालं. तुम्ही पुष्पगुच्छांचे दर कोष्टकात लावता, गिऱ्हाइकं घाबरतात."

इथल्या ग्रंथालय खात्यात प्रोग्रॅमरची जागा होती. प्रांतभरच्या लायब्ररींची पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायची आहेत. मुलाखत घ्यायला एक बाई होत्या, विनिफ्रेड डेल. पन्नाशीच्या, पायात पुरुषी बूट. विचारलं, आधीची नोकरी का सोडली? माझ्याकडे सभ्य उत्तर तयार होतं, गाडीत पाठ केलं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही. खरं तेच निघालं, पहिल्या ओळीपासून साखरेपर्यंत. बाईंनी पेन खाली ठेवलं. माझं बोलून झाल्यावर उठल्या, दार लावलं आणि त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. १९६१ सालची. त्यात कॉफी नव्हती, चहा होता. मग म्हणाल्या, "सोमवारी या."

काम मला आवडतं. आम्ही चौदा जण आहोत, त्यात पाच बायका. कॉफी ज्याची त्याने घ्यायची. परवा माझ्या प्रोग्रॅमने एका गावच्या लायब्ररीतली सगळी बायबलं पाककृतींच्या कपाटात नेऊन ठेवली. चूक माझी होती. मी मीटिंगमध्ये तसं सांगितलं, दुरुस्त केली, आणि आम्ही सगळे जेवायला गेलो. एवढंच झालं. एवढंच होतं, मावशी. मला वाटलं होतं आभाळ कोसळतं.

आता या पत्राचं खरं कारण. खात्याला आणखी एक माणूस हवंय. गावोगावी गाडीने जायचं आणि ज्या ग्रंथपालांनी यंत्र कधी पाहिलं नाही, ज्यांना ते बघायचंही नाही, त्यांना शिकवायचं. महिन्यात वीस दिवस प्रवास, उणे चाळीसमध्येही. आत्तापर्यंत चार तरुण येऊन गेले. चारही फार हुशार. त्यातल्या एकाला बाईंनी विचारलं, शिकणारी तिसऱ्या वाक्याला झोपली तर काय कराल? तो म्हणाला, मी तिसरं वाक्य पुन्हा सांगेन.

मी तुझं नाव दिलं. वय सत्तावन्न, तीस वर्षं लायब्ररी, कॉम्प्युटरच्या परीक्षेत एक्क्याऐंशी मार्क. बाईंनी विचारलं, त्या तयार होतील का? मी म्हटलं, ते तुम्ही त्यांच्या तोंडून ऐका.

मुलाखत गुरुवारी, सव्वीस तारखेला, सकाळी दहा वाजता. बसचं तिकीट सोबत ठेवलंय. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन, विनिफ्रेडबाईंच्या समोर बसून म्हण.

तुझी,
लारिसा